गावात आलेला पैसा गावात का थांबत नाही?

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी या तालुक्यांतली गावं रिकामी व्हायला लागतात. ट्रक आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या वस्तीवर येतात. पीठकूट, गोधड्या, चुलीवरची भांडी, एखादी शेळी आणि लेकरं असा सगळा संसार त्यात चढतो. पावसाळ्यात मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) आता फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. जोडीतलं एक जरी आजारी पडलं तरी खाडा लागतो आणि त्या दिवसाचे पैसे हिशेबातून कापले जातात. पुढचे पाच-सहा महिने ही माणसं सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, नगर किंवा कर्नाटकातल्या उसाच्या फडात असतात. घरी म्हातारी माणसं राहतात, आणि शाळेच्या पटावर फक्त नावं.

यातल्या बऱ्याच कुटुंबांकडे थोडी का होईना, जमीन आहे. कष्टाची तयारी तर एवढी की थंडीत पहाटे चारला फडात उतरतात. मग ही गरिबी आळसाची नाही आणि नशिबाचीही नाही, हे आधी मान्य करायला हवं. पाऊस कमी पडतो हे खरं आहे. पण बीडला लागून असलेल्या नगर जिल्ह्यात, तेवढ्याच तुटपुंज्या पावसात, काही गावांनी बाहेर जाणारी माणसं थांबवून दाखवली आहेत. त्या गावांनी काय वेगळं केलं, ते समजून घ्यायचं तर ‘स्थानिक आर्थिक विकास’ हा विषय समजून घ्यावा लागतो. नाव सरकारी फाइलीतलं वाटतं, पण गोष्ट रोजच्या जगण्यातली आहे. एखाद्या गावाने, तालुक्याने किंवा शहरातल्या वस्तीने आपल्याकडचं पाणी, जमीन, जंगल, अंगातलं कसब आणि हातातला पैसा वापरून आपल्याच माणसांसाठी, आपल्याच परिसरात कमाई उभी करायची, एवढा त्याचा अर्थ. त्यात सरकारी योजना येते, बाहेरचा कारखानाही येऊ शकतो. फक्त काय करायचं हे तिथले लोक ठरवतात आणि कमाईतला मोठा वाटा तिथेच राहतो.

बेरोजगार कोण, हेच आधी नीट दिसत नाही

देशात बेरोजगारी मोजणाऱ्या पाहणीत एक पद्धत अशी आहे की मागच्या सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी तासभर जरी काम केलं असेल, तरी त्या माणसाची नोंद रोजगार असलेल्यांत होते. घरच्या दोन एकरांत बिनपगारी राबणारी सूनही त्यात धरली जाते. त्यामुळे खेड्यातली बेरोजगारी कागदावर नेहमीच कमी दिसते. खरं चित्र वेगळं असतं. दोन एकरांचं काम दोन माणसांचं असतं आणि घरातली पाच माणसं त्यावर असतात. यालाच छुपी बेरोजगारी म्हणतात. सोयाबीन निघाल्यावर कोरडवाहू शेतात पुढचे सात-आठ महिने काहीच नसतं. म्हणजे बीडच्या त्या कुटुंबाला वर्षभर काम नाही असं नाही; त्यांच्या गावात दिवाळीनंतर काम नाही. हा फरक लक्षात ठेवला की उपायही नेमका शोधता येतो. प्रश्न नोकरीचाच आहे असं समजलं की आपण कारखान्याची वाट बघत बसतो. प्रश्न रब्बीच्या हंगामात पाणी आणि काम कुठून येईल हा आहे असं कळलं, की नजर आपल्या शिवाराकडे वळते.

आता पैशाकडे येऊ. गावात पैसा येतच नाही, हा समज चुकीचा आहे. ऊसतोडीची उचल येते, पुण्या-मुंबईतल्या मुलाचे पैसे येतात, पीएम किसानचे हप्ते येतात, निराधार योजनेचं अनुदान येतं, ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी येतो, शिक्षक-ग्रामसेवकांचे पगार होतात. पण येतो तसा तो निघूनही जातो. समजा, गावात बाहेरून १०० रुपये आले आणि दर वेळी हातात आलेल्या पैशातले फक्त २० टक्के गावातच खर्च झाले. पहिल्याचे १००, त्याने गावात खर्च केलेले २०, त्यातले पुढे ४, असं करत गावातल्या लोकांची एकूण कमाई १२५ रुपयांवर थांबते. तेच ६० टक्के गावात राहिले तर १००, मग ६०, मग ३६ असं होत बेरीज २५० पर्यंत जाते. बाहेरून आलेली रक्कम तेवढीच, कमाई दुप्पट. अर्थशास्त्रात याला गुणक म्हणतात. आपल्याकडे पाणलोटाच्या कामात ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ म्हणतात, त्याच न्यायाने पैसाही उताराला लागायच्या आत अडवून जिरवावा लागतो.

तो कुठून निसटतो ते आठवडी बाजारात उभं राहिलं की कळतं. तेलाची पिशवी, साबण, बिस्किटांचे पुडे, मोबाइलचं रिचार्ज, फवारणीचं औषध, जनावरांची पेंड, सगळं बाहेरून आलेलं. तुरीचं पीक गावात होतं आणि डाळ मात्र पॅकबंद येते. शेतकरी तूर विकतो एका भावाने आणि डाळ विकत घेतो भलत्याच भावाने. मधला फरक दुसऱ्या कोणत्या तरी गावातल्या माणसांची मजुरी आणि नफा असतो. गावात सगळंच तयार व्हावं असा हट्ट धरण्यात अर्थ नाही, मीठ आणि मोबाइल बाहेरूनच येणार. पण डाळ, तेलघाणा, मसाला, शिवणकाम, बांधकामाची गवंडीकामं, यंत्रांची दुरुस्ती यातला किती खर्च परिसरात राहू शकतो, याचा विचार क्वचितच कोणी करतं.

धाराशिव जिल्ह्यातल्या भूम-वाशी भागाने हा विचार फार पूर्वी, गरजेपोटी केला. डोंगराळ मुलूख, म्हशी भरपूर, पण दूध नासायच्या आत शहरात पोचवायची सोय नाही. म्हणून तिथे दूध आटवून खवा करण्याचा धंदा रुजला. मोठ्या कढईत दूध भट्टीवर ठेवायचं आणि तळाला लागू नये म्हणून उलथण्याने सतत हलवत राहायचं. चार-पाच लिटर दुधाचा साधारण किलोभर खवा उतरतो. धुरात उभं राहून करायचं हे काम सोपं नाही. पण दूध विकलं तर फक्त दुधाचे पैसे मिळतात. खवा केला तर त्यात भट्टीवाल्याची कमाई, हलवणाऱ्याची मजुरी, टेम्पोवाल्याचं भाडं अशी भर पडते आणि ती भर तालुक्यातच राहते. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

रोजगार हमी: मजुरी तीच, मागे काय उरलं?

गरिबी आणि बेरोजगारीवर महाराष्ट्राने शोधलेलं सगळ्यात मोठं उत्तर म्हणजे रोजगार हमी योजना. विधान परिषदेचे सभापती राहिलेले वि. स. पागे यांची ही कल्पना. ते सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, आणि साठच्या दशकात तिथल्याच परिसरात तिचा पहिला प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात तिचं महत्त्व अवघ्या राज्याला कळलं, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. काम मागेल त्याला काम देणं सरकारवर बंधनकारक झालं. देशाचा कायदा त्यानंतर पाव शतकाने, २००५ साली आला. शहरात नोकरी करणाऱ्यांच्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला व्यवसाय कराची कपात दिसते ना, तो कर १९७५ साली याच योजनेच्या खर्चासाठी सुरू झाला. म्हणजे मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून मराठवाड्यातल्या मजुराच्या हाताला काम, असा हा व्यवहार होता. त्याचा अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट आहे.

पण या योजनेत दोन तऱ्हा झाल्या. कित्येक ठिकाणी मजुरांनी उन्हात खडी फोडली, ढीग मोजले गेले, हजेरी पटावर अंगठे उठले आणि मजुरी मिळाली. उपाशी माणसाला त्या दिवशी ती मजुरीच महत्त्वाची होती, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. मात्र दुसऱ्या वर्षी पुन्हा दुष्काळ आला तेव्हा हाती काहीच नव्हतं. दुसरीकडे त्याच मजुरीतून पाझर तलाव, नालाबांध, सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खोदलेले लांब चर) झाले आणि त्यांनी पुढची अनेक वर्षं कमाई दिली.

नगर तालुक्यातलं हिवरे बाजार हे दुसऱ्या तऱ्हेचं गाव. पाऊस वर्षाला जेमतेम चारशे मिलिमीटर, तोही भरवशाचा नाही. सत्तरच्या दशकापासून तरुण माणसं पुण्या-मुंबईकडे जाऊ लागली होती, गावात दारूच्या भट्ट्या होत्या, डोंगर बोडके झाले होते. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे राज्याच्या आदर्श गाव योजनेत गावाची निवड झाली. गावाने रोजगार हमीचा आणि इतर योजनांचा पैसा डोंगरावर नेला. उतारावर समतल चर खोदले, ओढ्यांवर बांध घातले, झाडं लावली. ही कामं महाराष्ट्रात शेकडो गावांत झाली आहेत. हिवरे बाजारचं वेगळेपण कामानंतरच्या नियमांत आहे.

डोंगरावर मोकळी चराई बंद केली. जनावरं सोडायची नाहीत, पण गवत विळ्याने कापून न्यायला मुभा. त्यामुळे चरांजवळ गवत वाढलं, माती धरली गेली आणि दावणीला वैरण मिळू लागली. वैरण मिळाल्यावर लोकांनी दुभती जनावरं घेतली. कधी काळी गावात दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास दूध जमायचं, ते पुढे काही हजार लिटरवर गेलं. दूध हे खेड्यातलं सगळ्यात गरिबाला धरून चालणारं उत्पन्न आहे. जमीन नसलेल्या घरालाही एक गाय पाळता येते, शेण विकता येतं किंवा वापरता येतं, आणि डेअरीचा हिशेब दहा दिवसांनी होतो. शेतीसारखी सहा महिने वाट बघावी लागत नाही. एका चरापासून दुधाच्या हिशेबापर्यंतची ही साखळी बारकाईने बघण्यासारखी आहे, कारण यातलं एकही पाऊल मोठ्या भांडवलाचं नाही.

दुसरा नियम पाण्याचा. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही आणि ऊस-केळीसारखी पाणीखाऊ पिकं घ्यायची नाहीत. पावसाळा संपला की गावात किती पाऊस पडला, विहिरींत किती पाणी आहे याचा ताळेबंद मांडला जातो. आधी माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, मग उरलेल्यात रब्बीला कोणती पिकं घ्यायची ते ठरवायचं. पाऊस कमी झाला त्या वर्षी रब्बीचं क्षेत्र कमी. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने खोल बोअर मारून शेजाऱ्याची विहीर आटवायची, हे आपल्याकडे सगळीकडे चालतं. हा नियम नसता तर चरांत मुरलेलं पाणी चार बड्या शेतकऱ्यांनी उपसलं असतं, आणि बाकीचे पुन्हा पुण्याच्या गाडीत बसले असते. इथे उलट झालं. बाहेर गेलेली कित्येक कुटुंबं परत आली.

रोजगार हमीचा आणखी एक हुशारीने केलेला वापर १९९० च्या सुमारास झाला. सरकारने फळबाग लागवड योजनेला जोडली. कोरडवाहू शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात खड्डे खणायची मजुरी आणि रोपं सरकारच्या खर्चाने, आणि झाडं जगली असतील तरच पुढच्या वर्षीचे पैसे. ही शेवटची अट फार महत्त्वाची होती, कारण तिने काम कागदावर न ठेवता झाडावर ठेवलं. कोकणात आंबा-काजू, मराठवाड्यात मोसंबी, सोलापूर-नाशिककडे डाळिंब पसरलं ते यातून. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यासारख्या कायम दुष्काळी तालुक्यात डाळिंबाने छाटणी, पानगळ, बहार धरणं, तोडणी, पॅकिंग, वाहतूक अशी कामं उभी केली. रोपवाटिका निघाल्या, ठिबकच्या दुरुस्तीची दुकानं निघाली, खोके तयार करणारे आले. पुढे तेल्यासारख्या रोगांनी आणि किडींनी याच बागा उद्ध्वस्त केल्या आणि कित्येकांना त्या तोडाव्या लागल्या. सगळा तालुका एकाच पिकावर उभा केला की असं होतं, आणि त्याची किंमत आधी मजूर मोजतो, मग बागायतदार.

मजुरी मिळते आणि मालकी मिळते, यात फार अंतर आहे

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं गोंड आदिवासींचं छोटं गाव आहे. चहूबाजूंनी जंगल, जंगलात बांबू. हा बांबू वर्षानुवर्षं सरकारी करारावर कागद कारखान्याला अगदी कमी दराने जात होता. गावकऱ्यांच्या वाट्याला बांबू तोडायची मजुरी. स्वतःच्या घरासाठी, टोपल्यांसाठी बांबू घ्यायचा तर चोर ठरायची भीती. इतकं हिरवं, धनाचं जंगल दाराशी असून जिल्हा राज्यातल्या सगळ्यात मागास जिल्ह्यांत, हे कोडं बाहेरून बघणाऱ्याला पडतं. त्याचं उत्तर या एका व्यवहारात आहे.

देवाजी तोफा आणि त्यांच्या गावाने, मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या साथीदारांच्या सोबतीने, अनेक वर्षं अभ्यास मंडळं चालवली. कायदे वाचले, चर्चा केल्या, निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायची शिस्त लावली. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा अनेकांनी ऐकली असेल. २००६ साली वनहक्क कायदा आला आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क गावाला मिळाला. कायद्यात बांबू गौण वनोपजांत, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालात, स्पष्ट लिहिलेला होता, तरी बांबू म्हणजे लाकूडच असा वन खात्याचा जुना हिशेब होता आणि वाहतूक परवाना मिळत नव्हता. हक्क आहे पण माल बाहेर नेता येत नाही, अशी कोंडी. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती सोपवला गेला.

त्यानंतर काय बदललं ते साध्या भाषेत सांगायचं तर असं: बांबू तोच, तोडणारे हातही तेच. पूर्वी त्या हातांना फक्त तोडणीची मजुरी मिळायची. आता मजुरी मिळतेच, वर बांबूची किंमतही ग्रामसभेच्या खात्यात येते. भाव ग्रामसभा ठरवते, किती तोडायचा आणि किती राखायचा हेही तीच ठरवते. जंगल राखलं तर पुढच्या वर्षी विकायला बांबू असणार, हे आता सगळ्यांच्या पोटाशी जोडलेलं आहे, त्यामुळे वणवा लागला की विझवायला कोणाला बोलवावं लागत नाही. पुढे २०१३ मध्ये गावाने ग्रामदान कायद्याखाली आपली शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे केली. गडचिरोलीतल्या इतर अनेक ग्रामसभा आता तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः करतात. हे काम सोपं नाही. ठेकेदाराशी करार करायचा, निविदा वाचायच्या, हिशेब ठेवायचे, आणि पैसे बुडवणारा व्यापारी भेटला तर त्याच्या मागे लागायचं. पण हे सगळं शिकण्यासारखं आहे आणि लोक शिकलेत.

मालकीची हीच गोष्ट शहरातही लागू पडते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याचा लिज्जत झाला. केंद्रावरून मळलेलं पीठ घरी न्यायचं, पापड लाटून वाळवून दुसऱ्या दिवशी परत द्यायचे आणि वजनावर मजुरी घ्यायची, ही त्याची रीत. घराबाहेर नोकरीला जाऊ न शकणाऱ्या बायकांसाठी बेतलेली. या बहिणी तिथे नोकर नाहीत, सभासद-मालक आहेत आणि नफ्यात त्यांचा वाटा असतो. आज त्यांची संख्या ४० हजारांच्या पुढे आहे. बचत गटाच्या नावाने आपल्याकडे पापड-लोणच्याचे असंख्य उद्योग सुरू होतात आणि विझतात, कारण खरेदी, दर्जा आणि विक्री या तीन गोष्टी प्रत्येक गट एकट्याने करायला जातो. लिज्जतने लाटणं घरोघरी ठेवलं आणि बाकी सगळं एकत्र.

कारखाना आणला की झालं?

निवडणूक आली की एमआयडीसीचं, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीचं, आश्वासन येतं. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली, उद्योगांनी मुंबई-पुण्याबाहेर जावं म्हणून १९६४ पासून प्रोत्साहन योजना आहे. तरीही मागास तालुक्यांतल्या कित्येक औद्योगिक वसाहतींत रस्ते आणि दिव्यांचे खांब आहेत, भूखंडांवर बाभळी आहेत. सवलतीसाठी आलेला उद्योग सवलत संपली की उठतो. जो टिकतो तोही कच्चा माल बाहेरून आणत असेल, अधिकारी बाहेरून आणत असेल आणि गावातल्या पोरांना ठेकेदारामार्फत गेटवर उभं करत असेल, तर गुणकाचं गणित पुन्हा १२५ वरच अडकतं.

कारखान्यांना विरोध करण्यात मात्र शहाणपण नाही. १९८० च्या दशकात बजाजचा प्रकल्प छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला आला आणि त्याला सुटे भाग पुरवणारे छोटे-मोठे कारखाने भोवती उभे राहिले. आयटीआय झालेल्या, कंपनीत काही वर्षं काम केलेल्या मराठवाड्यातल्या मुलांनी स्वतःची वर्कशॉप टाकली. ती सुटे भाग आता इतर कंपन्यांनाही देतात. इचलकरंजीची कथा याहून जुनी. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, जहागीरदार घोरपड्यांनी पाठबळ दिलं, आणि पुढे मागांभोवती वार्पिंग (ताणा तयार करणं), सायझिंग (सुताला खळ लावणं), कांड्या भरणं, मागांची दुरुस्ती, सूत-कापडाची दलाली असं सगळं जाळं विणलं गेलं. एक नवा माग टाकणाऱ्याला माग जुळवून देणारा जोबर, मिस्त्री, सूत, गिऱ्हाईक सगळं चालत जाण्याच्या अंतरावर मिळतं. हे जाळं हीच खरी संपत्ती, एकटा कारखाना नाही.

आणि आता साखर कारखान्यांबद्दल, कारण त्यांना वगळून महाराष्ट्रात या विषयावर बोलणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी नगर जिल्ह्यातल्या लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला; १९५० मध्ये पहिला गळीत हंगाम झाला. सावकाराच्या पाशात असलेल्या शेतकऱ्यांनी शेअर घेऊन मालक व्हायचं, हे त्या काळात अचाट होतं. त्या पैशातून पाणीपुरवठा, शाळा, कॉलेजं, दवाखाने झाले. पश्चिम महाराष्ट्राचा चेहरा बदलला. स्थानिक विकासाचं याहून मोठं उदाहरण देशात फार थोड्या ठिकाणी सापडेल.

पण सभासद झाला तो ऊस पिकवणारा. ऊस तोडणारा कधीच सभासद झाला नाही. कारखाना त्याला थेट कामावरही घेत नाही. मधे मुकादम आणि वाहतूकदार. त्यामुळे त्याला फंड नाही, आजारपणाची रजा नाही, आणि बायकांना खाड्याच्या भीतीने पाळीतही सुट्टी घेता येत नाही. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या प्रकरणांची २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमून चौकशी करावी लागली, इतकी ती वाढली होती. एका भागाची भरभराट दुसऱ्या भागाच्या स्वस्त मजुरीवर उभी असेल तर आकडेवारीत राज्य पुढे गेलेलं दिसतं, आणि बीडचं लेकरू मात्र फडातल्या कोपीत (पाचटाच्या झोपडीत) अभ्यासाशिवाय वाढतं. एखाद्या गावाच्या यशाची गोष्ट ऐकताना तिथलं अवघड काम कोण करतं आणि तो सभासद आहे का, हे विचारल्याशिवाय ती गोष्ट पूर्ण होत नाही. कित्येक कारखाने पुढे कर्जात बुडाले, विकले गेले, त्याचं एक कारण सभासदांनी ताळेबंद वाचायचं सोडलं, हेही आहे.

ग्रामपंचायतीच्या हातात आज काय आहे

चौदाव्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५ पासून, केंद्राचा निधी थेट ग्रामपंचायतींच्या खात्यात यायला लागला. त्यासाठी गावाने स्वतःचा वार्षिक आराखडा करायचा असतो. आपल्याकडे त्याला ‘आमचं गाव, आमचा विकास’ म्हणतात. हे आराखडे बघितले तर पेव्हर ब्लॉक, स्वागत कमान, सिमेंट रस्ता, हायमास्ट दिवे हेच बहुतेक पानांवर असतं. ठेकेदार तालुक्याचा किंवा जिल्ह्याचा, ब्लॉक कुठल्या तरी कारखान्यातले, मजूरही बाहेरचे. बिल निघालं त्या आठवड्यात पैसा गावाबाहेर. रस्ता नको असं कोणी म्हणणार नाही. पण त्याच निधीतून वैरणीसाठी गायरानाला कुंपण, डाळ मिल बसवायला शेड, दुधाच्या शीतकरणाची जागा, बांबूच्या किंवा फळांच्या रोपवाटिकेला पाणी, अशी कामं सुचवायला कोणी हात वर करत नाही, कारण ती सुचवता येतात हेच माहीत नसतं.

आराखडा ग्रामसभेत वाचून मंजूर व्हावा लागतो. त्या दिवशी प्रत्येक कामासमोर थोडं थांबून विचारता येतं: यातला किती पैसा मजुरीचा आणि किती साहित्याचा? मजूर कुठले? काम झाल्यावर दिवाळी ते होळीच्या दरम्यान गावातल्या किती घरांना त्यातून कमाई होईल, आणि त्यात जमीन नसलेली घरं किती? बायकांची वेगळी महिला सभा आधी घेतली तर हे प्रश्न आणखी टोकदार येतात. वैरण, सरपण आणि पाणी यांचा हिशेब त्यांच्याच डोक्यात असतो. उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यायला ग्रामसेवकाला सांगावं, म्हणजे पुढच्या वर्षीच्या ग्रामसभेत तेच पान उघडता येतं.